फुग्याची बाही कोण बेतणार?

आमच्या संघटनेच्या मागच्या बैठकीत शिवणवर्गाचा विषय निघाला आणि चांगली तासभर वादावादी झाली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांतून 'आमच्याकडे शिवणक्लास काढा' ही मागणी सतत येत असते. कायद्याचं शिबीर घ्या, रेशनच्या प्रश्नावर बैठक घ्या, निघताना कुणीतरी पदर सावरत विचारतंच, "ताई, मशीनचं काय झालं?" बैठकीत आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती चिडून म्हणाली, "आयुष्यभर आपण हेच ओरडत आलो, की बाईचा विकास म्हटलं की यांना शिवणयंत्र, पापड आणि लोणचं यापलीकडं काही सुचत नाही. आणि आता आपणच क्लास काढायचे?"

तिचं म्हणणं मला पटतं. एम.एस.डब्ल्यू. करताना 'उत्पन्नवाढीचे उपक्रम' या विषयावर मीही असंच झोडपून लिहिलं होतं आणि मार्कही चांगले मिळाले होते. तरीही त्या दिवशी मी वर्गाच्या बाजूनं बोलले. तिथं मला नीट मांडता आलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

बायकांच्या हातात सुई देण्याचा आपला इतिहास जुना आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिवणटिपण शिकवलं जाई. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथंही शिवणाचे वर्ग होते. विधवा किंवा टाकलेल्या बाईला चार पैसे मिळवता यावेत, दिराच्या दाराशी उभं राहावं लागू नये, यासाठी ते होतं. त्या काळात ते धाडसच होतं, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण पुढं काय झालं? १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. १९७९ मध्ये ग्रामीण तरुणांच्या प्रशिक्षणाची ट्रायसेम आली, १९८२ मध्ये खास बायकांसाठी द्वाक्रा आली. १९९९ मध्ये या योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत मिसळल्या, त्यानंतर 'उमेद' आलं. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांत शिलाई मशीन ठरलेलंच. २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये आहेत. ते कानावर आल्यापासून मोबाइलवर 'मोफत शिलाई मशीन'चे खरेखोटे मेसेज फिरत राहिले आणि आमच्या बायका झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाच्या प्रती काढून पैसे घालवत राहिल्या. योजनांची नावं बदलत गेली. मशीन तेवढं राहिलं.

मशीन मिळालेल्या घरात गेलात तर ते कोपऱ्यात दिसतं. वर धुतलेली चादर घातलेली असते, चादरीवर टीव्ही नाहीतर पोरांची दप्तरं. मुरबाड तालुक्यातल्या एका घरात मी अशीच बसले होते. भिंतीवर प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. घरची सून सांगत होती, की मुलीच्या शाळेत गॅदरिंग आहे, तिला फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक हवा आहे, तो बाजारातल्या शिंप्याकडं टाकलाय. मी म्हटलं, "अगं, तू क्लास केलायस ना?" ती हसली. "ताई, फुग्याच्या बाहीपर्यंत पोचलोच नाही. मार्च संपला."

हे वाक्य मी त्यानंतर किती जणींना सांगितलं असेल! सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांचा सगळा कारभार त्यात आला. निधी येतो वर्ष संपत आल्यावर. तीन महिन्यांचा वर्ग मार्चअखेर आवरायचा असतो. पहिला महिना पायडल मारण्यात आणि सरळ शिलाईत जातो. मग पिशवी, उशीचा अभ्रा, झबलं-टोपडं, परकर. शेवटी एक साधा ब्लाउज, तोही बाईंनी कापून दिलेला, कारण शिकाऊ हातानं कापड वाया गेलं तर भरून कोण देणार? अभ्यासक्रमात 'फुग्याच्या बाहीचा फ्रॉक' लिहिलेला असतो. वहीत रंगीत कागदाची इवलीशी बाही कापून चिकटवलेलीही असते, तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायला. ती कापडावर मात्र उतरत नाही.

आणि कातकरी वाडीतली बाई तर त्या वर्गात नसतेच. दिवाळी झाली की ती नवऱ्यापोरांसकट वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडाशी परत येते. म्हणजे जानेवारी ते मार्च हा काळ तिला वगळण्यासाठीच निवडल्यासारखा आहे. हजेरीपटावर तिचं नाव असू शकतं, ती गोष्ट वेगळी.

आता त्या बाहीविषयी. मैत्रिणींनो, मी स्वतः शिवणारी नाही. बटण लावण्यापलीकडं माझी मजल नव्हती. पण आमच्या शिक्षिकेजवळ बसून मी एकदा ही बाही मुळापासून शिकले, आणि त्याच दिवशी माझं मत बदललं. म्हणून तपशिलात सांगते, कंटाळू नका.

आधी साधी बाही आखायची. छाती ३२ इंच असेल तर मुंढ्याचा घेर साधारण १५ इंच येतो, अर्धा साडेसात. खाकी कागद दुमडायचा. घडीपासून साडेसहा इंच रुंदी घ्यायची, कडेला वरून खाली तीन इंच उतार द्यायचा, आणि घडीच्या टोकापासून त्या उतारापर्यंत एक वळणदार रेघ काढायची. ती रेघ टेपनं मोजली तर साडेसात भरली पाहिजे. मग कागद उलगडून पुढच्या बाजूची रेघ जरा खोल करायची, कारण माणसाचा हात पुढं जास्त चालतो.

फुग्यासाठी याच कागदावर उभ्या रेघा मारून सहा पट्ट्या करायच्या, कात्रीनं सुट्या करायच्या आणि दुसऱ्या मोठ्या कागदावर एकेक इंचाची फट सोडून क्रमानं मांडायच्या. पाच फटी, म्हणजे पाच इंच घोळ वाढला. एवढ्यानं होत नाही. मधोमध वरच्या टोकाला इंच-दीड इंच उंची वाढवायची, खालीही फुगा हवा असेल तर खालच्या कडेला अर्धा-पाऊण इंच गोलाई द्यायची आणि सगळ्या तुकड्यांवरून एकच नवी रेघ फिरवायची. नुसता खांद्यावरच फुगा हवा असेल तर पट्ट्या खालून तोडायच्या नाहीत, पंखा उघडावा तशा वरून उघडायच्या.

शिवताना वरच्या कडेला लांब टाक्यांच्या दोन रांगा घालून दोरा ओढायचा, म्हणजे चुण्या पडतात. पण चुण्या सगळीकडं सारख्या वाटायच्या नाहीत. काखेकडचे अडीच-तीन इंच सपाट ठेवायचे, सगळा घोळ खांद्याच्या टोकाशी आणायचा. ब्लाउजचा खांदाही अर्धा इंच आत घ्यायचा. तो नेहमीएवढाच ठेवला तर फुगा खांद्यावर उभा न राहता दंडावर घरंगळतो. कापड मऊ, गळणारं असेल तर आतून कडक जाळीची पट्टी द्यावी लागते.

पुष्कळ वर्गांत याऐवजी एक सोपी युक्ती सांगून वेळ मारून नेतात. साध्या बाहीचा कागद कापडाच्या घडीपासून दोन इंच लांब ठेवायचा आणि कापायचं. रुंदी वाढते, पण उंची तेवढीच राहते. ती बाही पहिल्या दिवशी बसकी दिसते आणि दोन धुण्यांत चपटी होते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. बाईला वाटतं आपल्या हातातच कसब नाही. आपल्याला अर्धंच शिकवलंय हे तिला कोण सांगणार?

आमच्या वर्गात एक मुलगी होती. नववीत गणितात नापास झाली म्हणून शाळा सुटली आणि अठरा पुरी होताच लग्न झालं. छातीचा चौथा भाग काढायचा म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. शिक्षिकेनं तिला टेप बत्तीसवर धरून दोनदा दुमडायला लावला. "वाच काय आलं." आठ. "आता आणखी एकदा दुमड." चार. पट्ट्या मांडून नवी रेघ काढून झाल्यावर ती बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे ताई, ही रेघ बदलली की मी कसली पण बाही करीन?" शिक्षिका म्हणाली, "हो. कसली पण."

मशीन चालवायला येणं आणि ही रेघ बदलता येणं यांत फार मोठा फरक आहे. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, बेतणं. शिवायच्या आधी बेतावं लागतं. आणि बाजारात मजुरी ठरते ती कोण बेततं यावर.

आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या मुली कपड्याच्या कामाला उल्हासनगर, भिवंडीकडं जातात. शहापूरकडच्या कसारा लोकल धरून, मुरबाडच्या एसटीनं कल्याण गाठून. जिथं जिथं त्यांच्याशी बोलले तिथं चित्र एकच. कापडाच्या थप्पीवर आखणी करून कापणारा कटिंग मास्तर, तो पुरुष, त्याला महिन्याचा पगार. मशीनवर बसलेल्या बायकांना नगावर पैसे. आणि सगळ्यांत खाली धागे कापणाऱ्या, त्यांना सर्वांत कमी. काही घरांत तर धागे कापायची बंडलं थेट घरी येतात. पोरं, सासू, सगळे मिळून रात्री बसतात आणि हिशेब एकटीच्या नावावर होतो. घरी काम करणाऱ्यांना कामगार मानावं म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली करार केला, तो क्रमांक १७७. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

बायकांना कात्रीपासून लांब ठेवणं ही काही एकट्या उल्हासनगरची रीत नव्हे. आठ मार्चला आपण न्यूयॉर्कच्या कपडा-कामगार बायकांची गोष्ट सांगतो. त्या शिवत काय होत्या, ते मात्र सांगत नाही. त्या बायकांसाठीचे ब्लाउजच शिवत होत्या. 'शर्टवेस्ट' नावाचा, कामावर जाणाऱ्या बाईनं घालायचा ब्लाउज. १८९० च्या दशकात त्याच्या बाह्या एवढ्या फुगल्या होत्या, की जुनी चित्रं पाहिली तर खांद्यांवर दोन उशा ठेवल्यासारख्या वाटतात. २२ नोव्हेंबर १९०९ च्या सभेत पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं ऐकून कंटाळलेली क्लारा लेमलिक ही तेवीस वर्षांची मुलगी व्यासपीठावर चढली आणि तिनं संप पुकारायला लावला. वीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडल्या, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. सुया आणि दोऱ्याचे पैसे आमच्या मजुरीतून कापू नका, हीसुद्धा त्यांची एक तक्रार होती. २५ मार्च १९११ ला त्याच शहरात ट्रँगल कंपनीत आग लागली आणि १४६ जण गेले, त्यात मुलीच जास्त. दरवाजाला कुलूप होतं. आग सुरू झाली ती आठव्या मजल्यावर कापणाऱ्यांच्या टेबलाखालच्या चिंध्यांत. कापणारे पुरुष होते, शिवणाऱ्या मुली.

सुया-दोऱ्याच्या पैशांवरून आपल्याकडची अलीकडची गोष्ट आठवते. २०२४-२५ या शालेय वर्षात राज्य सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' आणलं. कापड वरून आलं, मापंही वरूनच ठरली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांनी शिवायचा होता. दुसरा, स्काउट-गाईडचा, शाळा व्यवस्थापन समितीनं गावपातळीवर शिवून घ्यायचा, त्यासाठी शिलाईला १०० रुपये आणि दोरा-बटणादी खर्चाला १० रुपये. ऐकायला किती छान! घराघरांतली मशीनं चालू होणार, गावच्या पोरांचे कपडे गावच्या बाया शिवणार. प्रत्यक्षात शाळा सुरू होऊन महिने गेले तरी कपडे आले नाहीत, आले ते कुणाला तोकडे, कुणाला ढगळ. शंभर रुपयांत शिवायला शिंपी तयार होईनात. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. नवशिकी बाई दिवसभरात दोन गणवेश नीट शिवेल. म्हणजे खड्डे खणण्यापेक्षाही कमी पैसे, आणि वर डोळे जाणार ते वेगळेच. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा समित्यांकडं गेलं. बोल मात्र बायकांना बसला. 'बचत गटाच्या बायांनी कपडे बिघडवले' असं मी एसटीत माझ्या कानांनी ऐकलं. गावातल्या पोराचं माप गावातल्या बाईनं घेतलंच नव्हतं, तर बिघडवलं कुणी? पण वाईट शिवण समोर दिसते, वाईट बेत दिसत नाही.

मापावरून आणखी एक. आपल्याकडं बाई शिंप्याला माप देत नाही, 'मापाचा ब्लाउज' देते. जुना एक ब्लाउज पिशवीत घालून नेऊन टाकायचा. परक्या पुरुषाचा हात नको, हे ठीकच आहे. पण त्यामुळं दोन बाळंतपणं झाली, अंगानं ती बदलली, तरी ब्लाउज विसाव्या वर्षीच्या मापाचा. काखेत रुततो, हुक तुटतात, बाई पदर ओढून घेते आणि म्हणते, मीच बेढब झाले. आमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीनं दुसरीचं माप घ्यायचं असतं. खूप हसतात, लाजतात, 'छाती' हा शब्द वहीत लिहायला एकीनं साफ नकार दिला, नुसतं 'छ' लिहिलं. सासूच्या वयाच्या मावशी तरण्या मुलीकडून माप घेतात. कुणाचा एक खांदा उतरलेला निघतो, डोक्यावर हंडे वाहून. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडक सागर आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्याही शहापूर तालुक्यातच. उतरलेल्या खांद्याला बाही वेगळी बेतावी लागते, हे कुठल्याच छापील पुस्तकात आम्हाला सापडलं नाही. ते शिक्षिकेनं स्वतः करून पाहिलं.

फुग्याच्या बाहीसाठी दंडाचं माप लागतं. ते घेताना एकीचा दंड वरपासून काळानिळा दिसला. बोटांचे ठसे कळत होते. टेप धरणारी गप्प झाली, मग सगळ्याच. तिनं एवढंच म्हटलं, "बाही कोपरापर्यंत घ्या." त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. मीही नाही, याचं मला नंतर वाईट वाटलं. २००५ च्या कायद्यावर मी तिच्याच गावात दोन शिबिरं घेतली होती. दोन्हींना ती मागं बसून होती आणि एक शब्द बोलली नव्हती. वर्गात मात्र तीन आठवड्यांनी ती आपणहून बोलली, तेही काजं करता करता, मान वर न करता. तिचं पुढं काय चाललं आहे ते इथं लिहिणं योग्य नाही.

बैठकीतल्या आक्षेपांकडं येते. "शिवणकामानं बाई घरातच बसते." हे खरं आहे आणि मला त्याचं उत्तर पूर्ण सापडलेलं नाही. नवऱ्यांना शिवणक्लास चालतो तो याचसाठी. ग्रामसभेला जायला नाही म्हणणारा सासरा क्लासला जा म्हणतो. आम्ही त्या परवानगीचा फायदा घेतो, हेही कबूल करते. पण घरात बसून धागे कापणारी बाई आणि दारावर 'येथे मापे घेऊन कपडे बेतून मिळतील' अशी पाटी लावणारी बाई, दोघींना एका मापानं मोजू नका.

"तयार कपडे इतके स्वस्त झालेत, कोण शिवून घेणार?" हाही आक्षेप बरोबरच. आठवडी बाजारात तयार फ्रॉक मिळतो, फुग्याच्या बाह्यांसकट. फ्रॉकमध्ये आमची बाई बाजाराशी टक्कर देऊ शकणार नाही. पण ब्लाउज अजून अंगावर बेतावा लागतो आणि लग्नसराईत फुग्याच्या बाहीची मागणी असतेच. शिंप्याकडं त्या बाहीचे पैसे वेगळे लागतात. गंमत म्हणजे या फॅशनला नवी म्हणायचं कारण नाही. माझ्या आजीच्या लग्नाच्या फोटोत तिचं पोलकं फुग्याच्याच बाह्यांचं आहे. आणि तिच्याही आधीच्या बायका कित्येक घरांत खणाची चोळी घरीच बेतत. समोर गाठ, टक्स नाहीत, कागद नाही, खणातली चिंधीसुद्धा वाया जायची नाही. बायकांना बेतता येत नव्हतं असं नाही. यंत्र आलं, ब्लाउज आला, आणि बेतणं घरातून दुकानात गेलं.

"यानं काही परिवर्तन होणार नाही." कुणी म्हटलंय होईल म्हणून? वनहक्काचे दावे पडून आहेत, रोजगार हमीची कामं वेळेवर निघत नाहीत. त्यासाठी मोर्चेच काढावे लागतील, बाहीनं ते भागणार नाही. मी एवढंच म्हणते आहे, की क्लास काढायचे असतील तर अर्धे काढू नका. आणि सरकारी क्लास बंद करा असं म्हणण्याऐवजी ते पुरे करा असं म्हणायला जिल्हा परिषदेत जाऊ. वर्ग सहा महिन्यांचा हवा. कातकरी वाडीत तो आवणी उरकल्यावर सुरू व्हावा, दिवाळीला थांबावा आणि उरलेला भाग पुढच्या वर्षी तिथूनच पुढं चालू व्हावा. वाया जाणाऱ्या कापडाचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले असावेत, कारण कापड वाया घालवल्याशिवाय कुणीच शिकलेलं नाही, कटिंग मास्तरही नाही. मशीनच्या आधी कात्री, टेप आणि खाकी कागद द्यावा. आणि प्रमाणपत्र अशा बाईला द्यावं, जिनं दुसऱ्या बाईचं माप घेऊन, स्वतः आखून, स्वतः कापून फुग्याची बाही बसवली. बाही खांद्यावर उभी राहिली पाहिजे, वहीत चिकटवलेली चालणार नाही. हे निकष ठेवले तर वर्षाला प्रमाणपत्रं कमी निघतील, अधिकाऱ्यांना ते आवडणार नाही. आपल्यातल्याही काहींना आवडणार नाही, कारण आपल्याही अहवालात आकडे लागतात.

दरांचा प्रश्न राहिलाच. शहापूरच्या आमच्या गटात मागच्या महिन्यात त्यावर बोलणं झालं. साध्या बाहीच्या ब्लाउजपेक्षा फुग्याच्या बाहीला तासभर जास्त लागतो, हे घड्याळ लावून पाहिलं होतं. तो तास किती रुपयांचा? एक म्हणाली वीस. दुसरी म्हणाली, "मजुरीच्या हिशेबानं चाळीस होतात." तिसरीनं विचारलं, "जावेकडून पण घ्यायचे का?" यावर जे हसू फुटलं ते लवकर थांबलं नाही, पण प्रश्न खरा होता. गावात निम्मी गिऱ्हाइकं नात्यातली. नणंद कापड टाकून जाते आणि पैशांचा विषयच काढत नाही. शेवटी दरपत्रक लिहून भिंतीवर लावायचं ठरलं, म्हणजे तोंडानं मागायला नको. फुग्याच्या बाहीला वरचे चाळीस, अस्तर असेल तर साठ. जावा-नणंदांचं काय, ते पुढच्या बैठकीवर टाकलं आहे.